‘मॅनिएरा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इटालियन चित्रकलेत प्रबोधनकाळाच्या अखेरीस जी शैली येते तिला मराठीत काय म्हणावे? ‘मॅनरिझम’ लिहिले की वाचकाला नटाची लकब आठवते. ‘शैलीवाद’ फार मोघम वाटतो आणि ‘रीतिवाद’ लिहिले की काव्यशास्त्र डोळ्यांपुढे येते.

प्रतिसाद १ : ‘मॅनरिझम’चा मूळ इटालियन शब्द ‘मॅनिएरा’ आणि त्याच्या पोटात ‘मानो’ म्हणजे हात. आपली ‘हातोटी’ही हातातूनच आली आहे, म्हणून अर्थाची सुरुवात तिथून करावी.

इटालियन चित्रकार आणि चरित्रकार वासारीच्या १५५० च्या चित्रकार-चरित्रांत हा शब्द पानोपानी येतो, पण एकाच अर्थाने नाही. ‘ग्रीक मॅनिएरा’ म्हणजे जुनी बायझंटाइन धाटणी, जी त्याला मुळीच आवडत नसे. ‘सुंदर मॅनिएरा’ कशी साधते तेही तो सांगतो : जे सर्वांत देखणे ते वारंवार रेखाटायचे, मग त्यातले उत्तम हात, मस्तक, धड, पाय एकत्र आणून एक आकृती घडवायची. निवडणे, घोटणे, जुळवणे. पुढची खोट याच कृतीत आहे. हात इतका घोटला जातो की समोर माणूस बसवण्याची गरजच वाटेनाशी होते. कलासमीक्षक बेल्लोरीने १६७२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला : चित्रकार निसर्गाचा अभ्यास सोडून नुसत्या सरावावर विसंबले. ‘वाद’ सुचवणारे ‘मॅनिएरिझ्मो’ हे रूप कला-इतिहासकार लान्झीने वापरले ते १७९२ मध्ये. पोंतोर्मो किंवा पार्मिजानिनो या त्या काळच्या चित्रकारांना आपण कुठल्या ‘वादा’चे आहोत हे ठाऊकच नव्हते.

मराठी शब्दाला स्तुती आणि दोष दोन्ही पेलले पाहिजेत. ‘रीत’ ते करते. ‘रीतीने केले’ हे कौतुक आणि ‘रीत म्हणून केले’ ही तक्रार. माझे मत ‘रीतिवाद’ला.

प्रतिसाद २ : ‘रीतिवाद’ला माझा विरोध आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने रीतीला काव्याचा आत्मा म्हटले आणि हिंदी साहित्यात ‘रीतिकाल’ हा वेगळाच कालखंड आहे. दोन्हींचा फ्लॉरेन्सशी संबंध नाही.

माझ्या मते शब्द ‘वळण’. अक्षराला वळण असते, म्हणजे हात आलाच. ‘वळणदार’ म्हणजे देखणे, हे वासारीला हवे ते. ‘वळण पडले’ म्हणजे सुटता न सुटणारी सवय, हे बेल्लोरीला खटकले ते. आणि वळण म्हणजे वाकही, जो या चित्रांत डोळ्यांत भरतो. कालखंडाचे नाव म्हणून पहिल्या उल्लेखात ‘मॅनरिझम (वळणदार शैली)’ लिहावे, पुढे ‘वळणदार शैली’ पुरे.

प्रतिसाद ३ : ‘वळणदार’ पटले. सोबतच्या संज्ञाही ठरवू, कारण लेखात जास्त चुका तिथेच होतात.

‘कोन्त्राप्पोस्तो’ या उभे राहण्याच्या ढबीला सर्रास ‘त्रिभंग’ लिहितात, ते टाळा. कोन्त्राप्पोस्तोत भार एका पायावर असतो आणि कंबर व खांदे विरुद्ध दिशांना कलतात. त्यातून तोल कळतो. त्रिभंगात मान, कंबर, गुडघा असे तीन भंग लयीसाठी असतात. ‘भारतोल’ म्हणा.

सापासारख्या पिळलेल्या ‘फिगुरा सेर्पेन्तिनाता’ला मात्र तयार शब्द आहे : नागमोडी आकृती. शिल्पकार जांबोलोन्याचे ‘साबीन स्त्रीचे अपहरण’ (१५८३) हे शिल्प पाहा. एकाच संगमरवरी शिळेत तीन देह एकावर एक पिळत चढतात, उंची चार मीटरांहून थोडी अधिक. त्याला एकच ‘समोरची बाजू’ नाही, भोवती फिरावेच लागते.

‘कान्जान्ते’ ही रंगवण्याची पद्धत म्हणजे धूपछाव, पैठणीतली तीच. सावली त्याच रंगाने गडद न करता रंगच बदलायचा : पिवळ्याच्या सावलीत हिरवा किंवा तांबडा. सावलीचा रंग मुळात उजेडाच्या रंगाहून गडद हवा. दोन्ही सारख्याच उजळ पडले तर घडीची खोली जाते आणि कापड सपाट दिसते. मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर (१५०८–१२) हे भरपूर वापरले, त्यामुळे धूपछाव दिसली की लगेच ‘मॅनरिझम’ लिहू नये.

प्रतिसाद १ : ‘वळण’ माझ्या ‘रीती’पेक्षा सरस आहे, मान्य. एका चित्रावर ताडून पाहतो. पोंतोर्मोचे वेदीवरचे चित्र, फ्लॉरेन्सच्या सांता फेलिचिता चर्चमधले, १५२५–२८, उंची ३ मीटरांहून अधिक. नाव ‘क्रुसावरून उतरवणे’, पण क्रूस नाही, शिडी नाही, थडगेही नाही. एक ढग आणि जमिनीचा तुकडा. पुढे ओणवा बसलेला तरुण ख्रिस्ताच्या देहाचा भार खांद्यावर घेतो आणि टेकतो कशावर, तर चवड्यांवर. त्याचे अंग गुलाबी, कापड कुठे सुरू होते ते कळत नाही. भारतोलाचा नियम याला ठाऊक आहे आणि तो जाणूनबुजून मोडतो. म्हणून ‘ऱ्हास’, ‘अवनती’ असे शब्द वापरू नका.

प्रतिसाद २ : ‘१५२७ मध्ये रोम लुटले गेले, त्या धक्क्यातून ही शैली जन्मली’ हे वाक्यही काढा. याच शैलीतल्या रोस्सो या चित्रकाराचे व्होल्तेर्रा गावातले चित्र १५२१ चे आहे. लुटीने शैली पसरवली, एवढेच. पार्मिजानिनो बोलोन्याला गेला, रोस्सो पुढे फ्रान्सला. त्या वाक्यासाठी क्रियापद ‘पांगली’.

प्रश्नकर्ती : मग असे लिहिते : ‘राफाएलच्या मृत्यूच्या (१५२०) सुमारास चित्रातला तोल सैल होऊन वळण पुढे आले.’

प्रतिसाद ३ : ‘सैल होऊन’ऐवजी ‘सोडून’ लिहा. सैल आपोआप होते, सोडावे लागते ते ठरवून.