१५ लाखांत जुनी डिझेल सेडान: ई-क्लास, ५-सीरीज की ए६?

कृष्णाकाठ
मंडळी, सल्ला हवाय. राहायला कराड, धंद्यामुळे दर आठवड्याला पुण्याची फेरी ठरलेली. एका बाजूने साधारण १६० किलोमीटर, जवळपास सगळा हायवे. वडिलांना एसयूव्हीत चढताना गुडघे बोलतात, म्हणून सेडानच. बजेट १५ लाख, कर्ज काढणार नाही.

तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत. २०१५ची मर्सिडीज ई २५० सीडीआय, पुणे पासिंग, ६८ हजार पळालेली, साडेतेरा सांगतायत. २०१४ची बीएमडब्ल्यू ५२०डी, दिल्ली पासिंग, ५२ हजार, पावणेअकरा. आणि २०१३ची ऑडी ए६ २.० टीडीआय, मुंबईची, अकराच्या आसपास.

कुठली घ्यावी? दिल्लीची गाडी एवढी स्वस्त का? वर्षाला खर्च किती धरायचा? आणि "त्यापेक्षा नवी क्रेटा घे" म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार, घरी ते ऐकून झालंय.

घोडबंदरचा_वाटसरू
वाचतोय. माझंही हेच चाललंय, फक्त बायकोची परवानगी बाकी आहे.

निवांत_डिझेल
कृष्णाकाठ, तुमचा वापर ऐकून बरं वाटलं. डिझेल लक्झरी गाडी शहरात दोन-दोन किलोमीटर फिरवून मारणारेच जास्त. तुमचं तसं नाही, त्यामुळे अर्धी लढाई जिंकलीत.

आता गाड्यांबद्दल. ई २५० सीडीआय माझ्याकडे आहे, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला. २१४३ सीसीचं चार सिलिंडरचं ओएम६५१ इंजिन, दोन टर्बो, २०४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क. खंबाटकी चढताना गाडीला घाट लागलाय हे तिला सांगावं लागतं. हायवेला धीराने चालवली तर सोळाच्या वर अ‍ॅव्हरेज देते, पुण्यात शिरलात की दहा-अकरा. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे २००९ ते २०११च्या सुमारास, पिझो इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) बोंब जगभर झाली होती. पुढे कंपनीने सोलेनॉइड इंजेक्टर आणले. २०१५ची गाडी असेल तर ती धास्ती नको, पण इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमलाय का ते कव्हर काढून बघाच. सील गळत असेल तर तिथून फुस-फुस आवाजही येतो.

५२०डी चालवायला तिघींत सगळ्यात मजेदार, यात वाद नाही. पण एन४७ इंजिन असेल तर टायमिंग चेनचं (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) ऐकून घ्या. चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची म्हणजे बहुतेक वेळा इंजिनच खाली उतरवायचं. चेन स्वस्त, मजुरी महाग. (खरं तर ओएम६५१चीही चेन मागेच आहे, पण बदनाम झाली ती एन४७.) १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान मागून धातू घासल्यासारखा आवाज आला तर हात जोडून निघून या. २०१४ हे संधिकालाचं वर्ष. त्याच सुमारास एन४७ जाऊन बी४७ आलं. १८४ अश्वशक्ती लिहिलं असेल तर जुनं, १९० असेल तर नवं. जाहिरातीवर जाऊ नका, चेसिस नंबरवरून खात्री करा. गिअरबॉक्स मात्र झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा, एक नंबर.

ए६ बाहेरून तिघींत देखणी. पण त्या वर्षीच्या २.० टीडीआयला मल्टिट्रॉनिक म्हणजे सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे आणि तो उघडून नीट बसवणारा माणूस तुमच्या पंचक्रोशीत मिळणं कठीण. मी तरी सोडून देईन.

सुपर्बवाला
चौथा पर्याय सुचवू का? स्कोडा सुपर्ब, २०१६ नंतरची २.० टीडीआय. १७७ पीएस, सहा गिअरचा ओला डीएसजी (तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक), मागे पाय पसरून झोपता येईल एवढी जागा. दर ६० हजारांना गिअरबॉक्सचं ऑईल-फिल्टर आणि वेळेवर टायमिंग बेल्ट एवढं पाळा. बॅज नाही, पण बिलही तसं नाही.

कृष्णाकाठ
सुपर्ब चालवून बघितली. गाडी झकास, पण मन भरलं नाही. मनाचं काय करणार.

बिबवेवाडीचे_काका
मी गेली कित्येक वर्षं याच गाड्यांची कामं करतोय, आता गॅरेज पोराकडे दिलंय आणि मी फक्त चहा पितो आणि आवाज ऐकतो. थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, गाडी थंड असताना बघायची. विक्रेत्याला फोनवर सांगायचं, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गेल्यावर आधी बोनेटवर पालथा हात ठेवायचा. कोमट लागलं तर विचारायचं, का हो, सकाळी सकाळी कुठे गेला होतात? थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेन, इंजेक्टर, ग्लो प्लग, सगळे आपापली तक्रार मांडतात. गरम झाल्यावर सगळे गप्प. मग ऑईलचं झाकण उघडा, आत पांढरट साय दिसते का बघा. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग नको. डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली समजा. सांगली-कोल्हापूरच्या २०१९च्या पुरानंतर अशा बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून विकायला आल्या होत्या. अत्तराचा वास जास्त आला की माझी खात्री पटते.

दुसरं, ऑईल. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राखेचंच ऑईल लागतं. मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२ मानकाचं, बीएमडब्ल्यूला एलएल-०४, ऑडीला ५०७.००. नाक्यावरचा पोरगा म्हणेल, सगळं सिंथेटिक सारखंच. सारखं नसतं. राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जळत नाही. काजळी जळते, पण त्यासाठी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर पळायला हवी. तुमचं कराड-पुणे त्याला औषधच आहे. आणि "डीपीएफ काढून टाकलाय, पिकअप वाढलाय बघा" असं कौतुकाने कुणी सांगितलं तर गाडी तिथेच ठेवून यायची.

तिसरं, "लाइफटाइम ऑईल" या शब्दावर विश्वास ठेवू नका. बीएमडब्ल्यू झेडएफच्या गिअरबॉक्सला तसं म्हणते, पण तो बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजारांच्या दरम्यान ऑईल बदला म्हणते. त्याची खालची पॅन प्लास्टिकची आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणून अख्खी पॅनच बदलावी लागते. बिल बघून चक्कर येते, पण गिअरबॉक्सच्या बिलापुढे ते काहीच नाही.

पार्टचं म्हणाल तर शोरूमच्या डब्यातला आणि बाहेरचा बऱ्याचदा एकाच कारखान्यातून येतो. सस्पेन्शनचे आर्म लेमफर्डरचे, फिल्टर मानचे, इंजेक्शनचा बराच माल बॉशचा. डब्यावर तारा नसला की किंमत उतरते.

निवांत_डिझेल
काका, तुमचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

श्टुटगार्टचा_सातारकर
इकडून एक निरीक्षण. इथे ई-क्लासच्या डिझेल टॅक्स्या फिकट हस्तिदंती रंगात रांगेने उभ्या असतात आणि तीन-चार लाख किलोमीटरला कुणी भुवई उंचावत नाही. कारण सरळ आहे, इंजिन क्वचितच पूर्ण थंड होतं, लांब पल्ला मिळतो आणि ऑईल वेळेवर बदललं जातं. त्यामुळे "दहा वर्षांची पण फक्त ३५ हजार पळालेली" ही जाहिरात आपल्याकडे लोकांना भुरळ घालते, मला ती घाबरवते. एकतर मीटर मागे फिरवलाय, नाहीतर गाडी नुसती उभी राहून सडलीय. रबर, सील, बॅटरी, टायर सगळं वयाने जातं, किलोमीटरने नाही.

बाकी डिझेलचं राजकारण इथेही आहेच. २०१९च्या जानेवारीपासून युरो ४ आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना श्टुटगार्ट शहरात बंदी आली. ज्या गावात मर्सिडीजचं मुख्यालय आहे त्याच गावात!

ठाण्याची_वकीलबाई
दिल्लीच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ला दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितलं आणि २०१८ला सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. त्यानंतरही आदेशांत चढउतार होत राहिले, पण धास्ती बसली ती बसली. दहाव्या वर्षाच्या आसपासची गाडी तिथे कुणी ठेवत नाही, म्हणून स्वस्त. गाडी वाईट असेलच असं नाही.

पण पावणेअकरा हा खरा आकडा नाही. त्यात महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवा, शिवाय एजंटचा खर्च. २० लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला आपल्याकडे टॅक्सचा दर १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो, तरी आरटीओतून आकडा लेखी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. एनओसी निघालीय का आणि कुठल्या आरटीओच्या नावाने, हे आधी बघा. पुण्याच्या नावाची एनओसी घेऊन तुम्ही कराडच्या एमएच-५० मध्ये गेलात तर परत पाठवतील. परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बोजा (गाडीवरचं कर्ज), विमा आणि चलनं पाहून घ्या. बोजा असेल तर बँकेच्या पत्रासोबत फॉर्म ३५, आणि नावावर करायला फॉर्म २९ व ३०.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन मिळत असेल तर मागा. इतक्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि ही पुरवणी देत नाहीत, म्हणून गाडी घ्यायच्या आधीच कोटेशन काढा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली आणि सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

नाक्यावरचा_सल्लागार
नवी क्रेटा घ्या.

कृष्णाकाठ
😂 कुणीतरी म्हणणारच होतं.

वकीलबाई, फार उपयोगी. दिल्लीची बाद. खर्चाचा अंदाज कुणी देईल का?

निवांत_डिझेल
बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये नेमाने काम करून घेतलंत तर सर्व्हिस, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनचं किरकोळ धरून वर्षाला लाख-सव्वा लाख बाजूला टाका. विमा आणि डिझेल वेगळं. शिवाय पहिल्याच वर्षासाठी दोन लाख हातात ठेवा, त्याला हात लावू नका. म्हणजे १५ लाखांचं बजेट असेल तर गाडी तेराच्या आत. हे गणित पटत नसेल तर काकांना भेटायचीसुद्धा गरज नाही, सुपर्ब घ्या.

आणि कराडमध्ये काय होईल, काय नाही, हे आधीच मान्य करा. ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड तिथे होतील. स्कॅनर लावायचं, गिअरबॉक्सचं, इंजेक्टर कोडिंगचं काम पुण्यालाच. तुम्ही दर आठवड्याला येताच, म्हणून चालून जाईल. चिपळूण-सावंतवाडीच्या माणसाला मी हा सल्ला दिला नसता.

कृष्णाकाठ
मर्सिडीज बघून आलो. काकांनी सांगितलं तसं बोनेटवर हात ठेवला, थंडगार. विक्रेताच दचकला. स्टार्टला आवाज स्वच्छ, धूर नाही. इंजेक्टरजवळ कोरडं. सीट बेल्टही स्वच्छ. पहिला मालक डॉक्टर, आता दुसऱ्याच्या नावावर. शोरूमची नोंद ५१ हजारांपर्यंत सलग, पुढे काहीच नाही. विक्रेता म्हणतो बाहेर केलं, बिलं हरवली. टायरवर चार आकड्यांचा कोड ३२१९, म्हणजे २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. मागच्या दोन्ही टायरची आतली कड जास्त झिजलीय. गतिरोधकावर पुढून उजवीकडे टक असा आवाज येतो. गिअर मऊ पडतात, फक्त दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना एक हलका झटका. पावणेतेराला तयार आहे.

बिबवेवाडीचे_काका
वाईट नाही. टक आवाज बहुतेक कंट्रोल आर्मच्या बुशचा किंवा बॉल जॉइंटचा. टायरची आतली कड म्हणजे मागचं अलाइनमेंट गेलंय, किंवा मागचा एखादा आर्म ढिला झालाय. चारही टायर बदलायचेच, वय झालंय. झटका ऑईलचाही असेल, गिअरबॉक्समधल्या कंडक्टर प्लेटचाही (इलेक्ट्रॉनिक भाग). तो फरक कानाने कळत नाही, झेंट्री (मर्सिडीजचा स्कॅनर) लावूनच कळेल. स्कॅन करताना फॉल्ट नुसते वाचून घ्यायचे, पुसायचे नाहीत. आधीच सगळे कोरे निघाले तर समजायचं, काल रात्री कुणीतरी पुसलेत.

५१ हजारांनंतरची बिलं नाहीत म्हणजे गिअरबॉक्सचं ऑईल झालं नाही असंच धरून भाव करा. टायर, अलाइनमेंट, आर्म, गिअरबॉक्स सर्व्हिस, हे सगळं मिळून बारापर्यंत आणा. सव्वाबाराला मिळाली तरी वाईट नाही.

कृष्णाकाठ
शनिवारी तुमच्या गॅरेजला लिफ्टवर चढवून स्कॅन करायला विक्रेता तयार आहे, पण आधी टोकन मागतोय.

ठाण्याची_वकीलबाई
दहा हजारांच्या वर देऊ नका, आणि रोख देऊ नका. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि "तपासणीत दोष आढळल्यास रक्कम पूर्ण परत" एवढं लिहून सही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "हो साहेब" चालणार नाही.

बिबवेवाडीचे_काका
शनिवारी सकाळी नऊला या. गाडी आदल्या रात्रीच आमच्या गल्लीत लावायला सांगा, म्हणजे थंड मिळेल.