मदत हवी आहे – डिप्रेशनच्या गोळीसोबत हर्बल कॅप्सूल चालतात का?

माझ्या धाकट्या बहिणीला डिप्रेशन आणि अँक्झायटी दोन्ही आहे, डॉक्टरांनी सर्ट्रालिन ५० एमजी सुरू केलंय, आज बरोबर तीन आठवडे झाले. तिला वाटतंय काहीच फरक नाही. मी सांगतेय की या गोळ्यांना ४ ते ६ आठवडे लागतातच, पण ऐकेल तर शपथ. काल तिच्या उशीखाली एक बाटली सापडली, सेंट जॉन्स वर्ट या डिप्रेशनसाठी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या कॅप्सूल, सील फोडलेलं आणि चार-पाच कमी झालेल्या. माझ्या तर पोटात गोळाच आला, कारण हे सर्ट्रालिनसोबत घेतलं तर सेरोटोनिन (शरीरातलं एक रसायन) वाढून त्रास होऊ शकतो, थरथर, घाम, धडधड, ताप, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही कमी होतो. लगेच डॉक्टरांना फोन केला, कॅप्सूल बंद केल्यात, आता ती ठीक आहे.

पण ती म्हणते मग अश्वगंधा तरी घेऊ दे, ते तर आपलंच आहे ना. तिला थायरॉईडची गोळी पण चालू आहे आणि अश्वगंधाने थायरॉईड हार्मोन वाढू शकतं, क्वचित लिव्हरला पण त्रास झालाय लोकांना, म्हणून मी अडून बसलेय. डॉक्टरांना विचारणारच आहे, पुढच्या व्हिजिटला बाटली सोबत नेणार.

तुमच्यापैकी कोणी घरच्यांना यातून सांभाळलंय का? तिला न दुखावता कसं समजावू? औषध लागू पडेपर्यंतचे हे आठवडे कसे काढलेत, प्लीज सांगा.