पाट्या धरून उभं राहून कधी काय झालंय? हे माझं उत्तर

खाडीकाठ (नेरुळ)

परवा इथे एकाने लिहिलं होतं, "रविवारी सकाळी तळ्याकाठी पाट्या धरून उभे राहणारे म्हणजे रिकामटेकडे. अर्धा तास उभं राहायचं, फोटो काढायचे, इडली खायची आणि घरी. यांच्याने आजवर एक वीट हललेली नाही." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. लांबेल, सांगून ठेवते.

त्या रिकामटेकड्यांपैकी मी एक आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात इथल्या, नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायचं थांबलं होतं, तळं सुकत गेलं, वर शेवाळाची साय धरली आणि फ्लेमिंगो मरून पडायला लागले. मी बघितलाय एक, अगदी काठावर, मान मुडपलेली आणि पाय गाळात. माझ्या मुलीने विचारलं आता कुणाला सांगायचं, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. एका ऑफिसात फोन केला तर म्हणाले आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे करा, दुसरे म्हणाले अर्ज द्या, अर्ज कुणाच्या नावाने तेही सांगेनात. मग आम्ही उभे राहायला लागलो. पहिल्या रविवारी नऊ जण होतो, त्यात दोन शाळकरी मुलं. पोलिसांना आधी पत्र, जमावबंदीचा आदेश असेल त्या रविवारी नाही, घोषणा नाहीत, रस्ता तर कधीच अडवला नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये शांततेने आणि शस्त्राशिवाय जमायचा हक्क दिलाय, तेवढाच वापरला.

पुढे त्या प्रश्नावर सरकारने समिती नेमली आणि २०२५ मध्ये त्या तळ्याला संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने जपायची जागा, म्हणून मान्यता मिळाली. आमच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पक्षी मोजणारे होते, वर्षानुवर्षं तक्रारी नोंदवणारे होते, बातम्या लिहिणारे होते. पण काठावर माणसंच नसती तर त्या बातमीला फोटो कशाचा लावला असता? सुकलेल्या चिखलाचा?

आणि हो, इडली खातो. सहाला घर सोडलेली माणसं नऊ वाजता काहीतरी खाणारच.

सरळ_बोलतो (घणसोली)

ते वाक्य माझंच आणि मी मागे घेत नाही.

ताई, तुम्ही रस्ता अडवत नाही हे मान्य, पण सगळे तुमच्यासारखे नसतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला रात्री आठच्या सुमाराला धाप लागली, रिक्षात घातली आणि ठाणे-बेलापूर रोडवर मोर्चा. चाळीस मिनिटं एका जागी. आई रिक्षात माझ्या हाताला धरून बसलेली आणि पुढे ढोल वाजतायत. ती वाचली म्हणून मी आज नीट शब्दांत लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं.

दुसरं म्हणजे तुम्ही फोटो फोटो करता. कांदळवनं, म्हणजे खाडीतली मॅन्ग्रोव्हची झाडी, वाचली ती हायकोर्टामुळे, २००५ चा आदेश आणि मग २०१८ चा निकाल, पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही, मुद्दा संपला. कागद बोलतो. आमच्या गल्लीतले पेव्हरब्लॉक चांगले असताना दर मार्चला उखडायचे. मी एकट्याने माहिती अधिकार टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर नाही, मग वीस रुपयांचं पहिलं अपील, मग मोजमाप पुस्तकाच्या, म्हणजे झालेल्या कामाच्या नोंदवहीच्या प्रती, पानाला दोन रुपये. सहा महिने गेले पण पुढच्या मार्चला कुणी पहार घेऊन आलं नाही. एकही पाटी धरली नाही मी.

आनंदनगर_नाका (ठाणे)

आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्या एका मोर्चावरून सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत आला तेव्हा ठाण्यातून जाताना मी नाक्यापाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो. माझ्या आईच्या वयाची एक बाई, चप्पल तुटलेली, तळपायाचं सालटं निघालेलं, तिला म्हटलं मावशी बसा जरा, तर म्हणाली बसले की उठवत नाही रे. सायनला सोमय्या मैदानावर मुक्काम होता आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. पोरांची गाडी चुकू नये म्हणून ही माणसं झोप न घेता रात्रीच आझाद मैदानाकडे चालायला लागली. सकाळी मुंबईची पोरं वेळेवर पेपरला बसली. तुमच्या ढोलवाल्यांशी त्यांचा काय संबंध?

दिवा_फास्ट

सगळं छान आहे हो पण दिव्याला या एकदा. फास्ट लोकल थांबावी म्हणून आम्ही निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या, मी स्वतः स्टेशनबाहेर टेबल टाकून तीन संध्याकाळी सह्या घेतल्यात, प्रत्येक वेळी "वर कळवलंय". मग २ जानेवारी २०१५ ला लोक रुळावर उतरले, पुढे दगडफेक, जाळपोळ जे झालं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आणि डिसेंबर २०१६ पासून फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागली. शांततेने काय मिळतं ते मला सांगू नका.

आनंदनगर_नाका (ठाणे)

दगडाने रूळ सरकत नाहीत. फास्ट थांबवायला रुळांचं काम करावं लागलं, मोठा ब्लॉक घ्यावा लागला. त्या दिवशी गाड्या जाळल्या त्यात कुणाचं नुकसान झालं? मोटरमनला मारलं, तो पण नोकरदारच होता ना.

दिवा_फास्ट

मोटरमनला मारलं ते चूक. शंभरदा चूक. पण ते काम कुणाला आठवलं आणि कधी आठवलं हे पण बघा. मी त्या दिवशी दगड मारला नाही, रुळावर मात्र बसलो होतो आणि परत बसेन.

गाववाला (करावे)

चार दिवस वाचतोय. पक्ष्यांसाठी मानवी साखळी, तळ्यासाठी साखळी. चांगलं हाय. पण जी जागा तुम्ही तळं म्हणता तिथं आमचा बाप पाग, म्हणजे मासळीचं फेकजाळं टाकायचा. निवट्या, खुबे, नशीब असलं तर जिताडा. खाजण होतं ते, भरतीचं पाणी येणारी खाडीची जमीन, बांध आमच्या लोकांनी राखलेले. मग १९७० ला सिडको, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, ९५ गावांची जमीन घेतली आणि आम्ही एका पिढीत शेतकरी-कोळ्याचे वॉचमन झालो. तेव्हा कोण आलता पाटी घेऊन?

१६ आणि १७ जानेवारी १९८४. जासई आणि नवघर. आमचे भूमिपुत्रांचे पुढारी दि. बा. पाटील पुढे होते, आमची बायामाणसं रस्त्यावर, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच जण गेले. माझा चुलता त्या गर्दीत होता, शेवटपर्यंत फटाके वाजले की दचकायचा, दिवाळीत घरात बसून राहायचा. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं ते त्या रक्तातून ठरलं. आणि साखळी आम्हाला शिकवू नका, १० जून २०२१ ला नवी मुंबई विमानतळाला दि. बां.च्या नावासाठी आम्ही साखळी धरली, २४ जूनला बेलापूरला सिडकोला घेराव घातला. तुमच्या सोसायटीतून किती जण आलते त्या दिवशी?

सेक्टर_४८

मुद्दा फ्लेमिंगोचा चाललाय, तुम्ही तो कुठच्या कुठे नेताय. आणि दादा, गावठाणात जे चार-पाच मजली बेकायदा टॉवर उभे राहिलेत, भाडी कोण खातंय? पाण्याचा दाब कमी होतो तो आमच्या नळाला. त्याच्यासाठी पण एखादी साखळी होऊ द्या.

गाववाला (करावे)

बेकायदा हा शब्द परत वापरू नका, नीट सांगतो. गरजेपोटी बांधलेली घरं हायेत ती. आजाला एक घर होतं, त्याला चार पोरं, त्यांना अकरा. गावठाणाची हद्द काय वाढली? नाय. मंग पोरं कुठं ठेवायची, खाडीत? भाडी खातात म्हणता, शेत घेतलंत, मासळी गेली, खायचं काय मंग? तुमचा टॉवर ज्या जमिनीवर हाय ती कुणाची होती ते एकदा सातबाऱ्यावर बघा आणि मंग बोला.

सेक्टर_४८

मी घर बाजारभावाने विकत घेतलंय, वीस वर्षं हप्ते भरतोय, कुणाची जमीन लुबाडली नाही. प्रत्येक वेळी १९८४ काढलं की समोरच्याने गप्प बसायचं का?

गाववाला (करावे)

गप्प नाय बसायचं. माहीत करून घ्यायचं. बस.

पाचपाखाडी_जुनी

बाळांनो जरा मीही बोलू का. १९७२ च्या महागाईत माझी आई लाटणी-थाळ्यांच्या मोर्चाला जायची. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे आणि मागे आमच्यासारख्या घरातल्या बायका. ठाण्याहून लोकलने जायच्या, थाळ्या पिशवीत लपवून, कारण सासऱ्यांना कळलं तर घरात महाभारत. आई चौथी शिकलेली, तिला माहिती अधिकार माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, तो कायदाच केंद्रात २००५ ला आला. तिच्याकडे थाळी होती. घणसोलीकर, तुम्हाला फॉर्म भरता येतो म्हणून तुम्ही एकट्याने लढलात. ज्याला भरता येत नाही त्याने काय करायचं? आणि आईला रस्त्यात अडकावं लागलं त्याचा राग अगदी बरोबर आहे, ॲम्ब्युलन्स आणि आजारी माणसाला वाट दिलीच पाहिजे, आमच्या वेळच्या बायका तर स्वतः हात धरून वाट करून द्यायच्या.

सरळ_बोलतो (घणसोली)

आजी, फॉर्मबद्दल म्हणालात ते पटलं. हा मी विचार केला नव्हता. बाकी माझं मत तेच आहे, कागदाशिवाय काही हलत नाही.

खाडीकाठ (नेरुळ)

कागदाशिवाय हलत नाही हे मी कधी नाकारलं? पण हायकोर्टासमोर फोटो, तारखा, भरणीचे ट्रक कधी आले, हे सगळं जातं कुठून? कुणीतरी भल्या पहाटे कांदळवनात चिखल तुडवून जातं तेव्हा. तीच माणसं रविवारी माझ्या शेजारी उभी असतात.

दिव्याच्या दादांना, रुळावर बसणं मला मान्य नाही, पण तीन संध्याकाळी टेबल टाकून सह्या घेतल्यावर जी चीड येते ती मला कळते.

आणि करावेच्या दादांना. बावीस वर्षं इथे राहते. जासईला जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं हे माहीत आहे, एकदाही गेले नाही. हे मला कुणी सांगितलं नाही असं लिहिणार होते, मग खोडलं, कारण मीही कधी विचारलं नाही. ९५ गावं म्हणता त्यातल्या पाचांची नावंसुद्धा मला धड येत नाहीत. सेक्टर_४८, तुम्ही माझ्या बाजूने बोललात तरी सांगते, बेकायदा हा शब्द मलाही खटकला.

एकच विचारायचंय. तळ्यात पाणी नक्की कुठून यायचं यावर आमच्यातच दोन मतं आहेत, नकाशात एक दिसतं, काठावर वेगळंच.

गाववाला (करावे)

नकाशात नाय दिसणार. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कुठं होती ते आमच्या म्हाताऱ्याला माहीत हाय, भरतीला फळ्या कधी काढायच्या आणि कधी टाकायच्या ते काम त्यानं केलंय. घेऊन येतो त्याला. पण फोटो काढू नका त्याचे, चिडतो.

सरळ_बोलतो (घणसोली)

ते म्हातारबाबा जागा दाखवतील तेव्हा अक्षांश-रेखांश मोबाईलवर घ्या आणि मला पाठवा. पाण्याची वाट कधी, कुणाच्या परवानगीने बुजली यावर माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून देतो. एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर परत पाठवतात. सही तुमची, उभा राहायला मी येणार नाही.

गाववाला (करावे)

आठच्या आत यायला लागंल. भरती त्या टायमाला हाय, पाणी कुठून दाबतं ते डोळ्यानं दिसंल.