‘फॉरमॅट करा’ या सूचनेला आधी नकार द्या
६४ जीबीचे मेमरी कार्ड कॅमेऱ्यात नीट उघडते, मात्र जुन्या लॅपटॉपला लावताच ते फॉरमॅट करण्याची, म्हणजे पुसून नव्याने तयार करण्याची, सूचना येते, असे आपण लिहिले आहे. यावर नवे कार्ड घेण्याचा सल्ला आपल्याला दिला गेला आहे, पण तो मला घाईचा वाटतो. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी प्रकारची कार्डे सहसा फॅट३२ या फाइली साठवण्याच्या पद्धतीची असतात, तर २००९ साली जाहीर झालेल्या एसडीएक्ससी प्रकारातील, म्हणजे त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट ही नवी पद्धत असते. त्यामुळे त्यापूर्वीच्या लॅपटॉपमधील कार्ड रीडरला किंवा एक्सफॅटची सोय नसलेल्या विंडोज एक्सपीला ते बऱ्याचदा वाचता येत नाही आणि कार्ड धडधाकट असूनही बिघडल्यासारखे दिसते. सूचनेला ‘नाही’ म्हणून कॅमेराच यूएसबी केबलने जोडून पाहावा, किंवा अडचण रीडरचीच असेल तर एसडीएक्ससी चालणारा बाहेरचा रीडर वापरावा. (केबल केवळ चार्जिंगची नाही ना, हेही बघावे, निम्मा गोंधळ तिथेच असतो.)

कॅमेऱ्यातही फोटो दिसेनासे झाले, तर मात्र गोष्ट वेगळी. अशा वेळी त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये आणि ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क तपासणीही चालवू नये, कारण ती दुरुस्तीच्या नावाखाली कार्डावरच लिहिते. फोटोरेक हे मोफत साधन फाइलींच्या अंतर्गत रचनेवरून जेपेग प्रकारचे फोटो शोधून काढते; फाइलींची मूळ नावे जातात, पण फोटो बऱ्याचदा हाती लागतात. ते संगणकाच्या डिस्कवर उतरवावेत, त्याच कार्डावर कदापि नाही.