पीएचडीचं सेंटर कॉलेजात, कागदपत्रं पुण्यामुंबईत, सुरुवात कुठून करू?

माळरान:
नमस्कार सगळ्यांना. मी इतिहासात पीएचडी करतेय, रजिस्ट्रेशन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आहे पण रिसर्च सेंटर नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आहे. विषय १९७२ चा दुष्काळ आणि आमच्या भागातली दुष्काळी कामं, म्हणजे खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते वगैरे. माझी आजी स्वतः त्या कामावर होती, सुकडी खाऊन दिवस काढलेत तिने, त्यामुळे हा विषय मला नुसता डिग्रीपुरता नाहीये.
अडचण अशी की कॉलेजच्या लायब्ररीत अभ्यासक्रमाची पुस्तकं आणि एमपीएससीची पुस्तकं यापलीकडे फार काही नाही. मागच्या महिन्यात पुण्याला एका मोठ्या लायब्ररीत गेले होते, पहाटेची एसटी धरून, तिथे कॉम्प्युटरवर दुष्काळ असं टाईप केलं तर सात पुस्तकं आली आणि त्यातले दोन कवितासंग्रह निघाले. कुणाला काय विचारावं तेही कळेना, तशीच परत आले.
तर मला सांगा, मी नक्की कुणाची विद्यार्थिनी, कॉलेजची की विद्यापीठाची? विभाग, सेंटर, विद्याशाखा, अभ्यास मंडळ या सगळ्यात माझ्या कामाचं कोण? आणि ते वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारने वर्गणी भरून संस्थांना संशोधनाची जर्नल्स ऑनलाईन देण्याची योजना, आमच्या कॉलेजात चालतं का?

ग्रंथपाल_नाशिक:
ताई, आधी पहिला प्रश्न, कारण त्यातच बरंच अडलेलं असतं. तुम्ही विद्यापीठाच्या विद्यार्थिनी आहात. सेंटर ही फक्त तुमची बसायची जागा, पदवी विद्यापीठ देणार, त्यामुळे जयकर ज्ञानस्रोत केंद्र हे तुमचंही ग्रंथालय आहे, तिथे पाहुण्यासारखं भीत भीत जायचं नाही. रजिस्ट्रेशनचं पत्र, सेंटरचं आयकार्ड आणि गाईडच्या सहीचा अर्ज सोबत ठेवा.
आता रचना. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत, विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय. इतिहास मानवविज्ञानात येतो, त्या विद्याशाखेचे प्रमुख म्हणजे अधिष्ठाता. अभ्यास मंडळ हे अभ्यासक्रम ठरवतं, तुमच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध नाही, त्यांच्याकडे अर्ज घेऊन जाऊ नका. तुमच्या कामाची माणसं म्हणजे गाईड, सेंटरचे प्रमुख आणि संशोधन सल्लागार समिती, जिला सगळे आरएसी म्हणतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला त्या समितीपुढे प्रगती सांगायची असते. तिथे तोंडी न बोलता लेखी द्या की मला अमुक अमुक साधनं बघायला बाहेर जावं लागणार आहे. ते एकदा कागदावर आलं की पुढे शिफारसपत्र मागायला सोपं जातं.
वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं असं आहे की मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३००० जर्नल्स. पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था आहेत. विद्यापीठ त्यात बसतं, खाजगी संस्थेचं अनुदानित कॉलेज आपोआप बसत नाही. म्हणून कॉलेजात एन-लिस्ट आहे का ते विचारा. ती कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणारी सेवा, वन नेशनचं काम बघणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या संस्थेचीच आहे, कॉलेज सभासद असेल तर प्रत्येकाला वेगळा युजरनेम पासवर्ड मिळतो आणि घरून मोबाईलवर सुद्धा चालतो. मी अशी कॉलेजं बघितलीत जिथे वर्गणी दरवर्षी भरली जाते आणि पासवर्ड मात्र कुणी मागतच नाही, मुलांना माहितीच नसतं, याचं फार वाईट वाटतं.

माळरान:
सर खूप धन्यवाद. एन-लिस्टचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. पण ते कॅटलॉगमध्ये सातच पुस्तकं आली त्याचं काय? एवढा मोठा दुष्काळ आणि सात पुस्तकं?

ग्रंथपाल_नाशिक:
पुस्तकं आहेत, शोध चुकला. मराठी पुस्तकांच्या नोंदी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी केल्यात. काही देवनागरीत, काही रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये एकाने दुष्काळमधल्या ष साठी एस एच लिहिलं, दुसऱ्याने नुसता एस, तिसऱ्याने पुढच्या का मध्ये दोन ए घातले. कॉम्प्युटरला ते तीन वेगळे शब्द. काही ठिकाणी तर नोंद जुन्या फॉन्टमधून आलेली असते, युनिकोडमध्ये शोधलं की सापडतच नाही. म्हणून सगळी स्पेलिंगं टाकून बघा, शिवाय टंचाई, अवर्षण, रोजगार हमी, पाझर तलाव असे शब्द टाका, इंग्रजीत फॅमिन, ड्रॉट आणि स्कॅर्सिटी तिन्ही टाका, कारण सरकारी कागदात स्कॅर्सिटी हाच शब्द जास्त.
आणि सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे नंबर. ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर देण्याच्या पद्धतीत, अन्नपुरवठा आणि दुष्काळ ३६३.८ ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, तुमचे ते दोन कवितासंग्रह तिथले. एक बरोबर पुस्तक सापडलं की त्याच्या पाठीवरचा नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरवर काय काय आहे ते बघा, शेल्फपाशी जाऊ देत असतील तर आजूबाजूची दोन हात फळी चाळा. काउंटरवर पुस्तकाचं नाव विचारू नका, विषय सांगा, दहा मिनिटं मागून घ्या. आमच्यातल्या बहुतेकांना असा माणूस आला की आनंदच होतो.

जुनी_फाइल:
मी याच्या जवळच्याच विषयावर काम केलंय (रोजगार हमीवर, पाच वर्षांपूर्वी डिग्री झाली) त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पुण्यात तू आलीस की विद्यापीठात एक दिवस आणि गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात किमान तीन दिवस असा हिशोब धर. शेती, सहकार, दुष्काळ यावरचं जुनं साहित्य, सरकारी अहवाल, जनगणनेचे खंड यासाठी ती जागा सोन्यासारखी आहे, आणि बरंच स्कॅन करून त्यांनी ऑनलाईन ठेवलंय, घरूनच आधी यादी काढ. १९७३ च्या सुकथनकर समितीचा अहवाल शोध, टंचाईग्रस्त भाग कुठला ते ठरवायला सरकारने नेमलेली समिती होती, तुझा तालुका त्यात कसा मोजलाय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. नगर जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, दोन्ही बघ, १८८४ चं आणि १९७६ चं सुधारित, दुसरं तर दुष्काळानंतर तीनेक वर्षांतलंच आहे. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे १९७२ ते ७५ चे अंक पण ओळीने चाळ.
वर्तमानपत्रांच्या फायली हे वेगळंच काम आहे. मी जी फाइल बघितली ती सहा महिन्यांची एकत्र बांधलेली होती, टेबलावर दोघांनी उचलून ठेवावी लागली, कागद चहासारखा तपकिरी आणि पान उलटताना कडेचा तुकडा हातातच येतो. घडीवरची ओळ तर बऱ्याच पानांवर गेलेलीच असते. झेरॉक्स मिळत नाही आणि मिळत असली तरी करू नकोस, बांधणी उसवते. फोटोची परवानगी लेखी घे, आणि प्रत्येक बातमीच्या आधी पहिल्या पानाच्या तारखेचा फोटो काढ. मी पहिल्या दोन दिवसात ते केलं नाही आणि चारशे फोटोंपैकी निम्म्यांची तारीख मला लागेना, परत जावं लागलं.
मुंबईला जाणं झालं तर टाउन हॉलच्या इमारतीतलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना तिथे प्रत पाठवावी लागते त्यामुळे इतरत्र न सापडलेलं तिथे विचारायचं. विधानसभेच्या चर्चांचे खंड पण बघ, आपल्या भागातल्या आमदारांनी कामावरच्या मजुरीबद्दल काय प्रश्न विचारले ते त्यात शब्दशः असतं.

सीमा_को:
एक छोटी गोष्ट. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवलेल्या वेबसाईटवर, तुझ्या विषयाचे मराठीतले प्रबंध नक्की बघ, पण तिथेही वरचीच अडचण आहे, शीर्षक कधी रोमनमध्ये असतं आणि जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये आतला शब्द शोधता येत नाही. शीर्षकाने नाही तर विद्यापीठ आणि विभाग धरून उतरत जायचं. औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठ आणि सोलापूर दोन्ही बघ, दुष्काळ जिल्ह्याची हद्द बघून आला नव्हता. आणि तिच्याच जोडीच्या शोधगंगोत्रीवर सिनॉप्सिस, म्हणजे चालू संशोधनाचे आराखडे असतात, तिथे कुणी हाच तालुका घेतलाय का ते आत्ताच बघून घे. मला ते चौथ्या वर्षी कळलं, खूप रडले होते.

माळरान:
सगळं वहीत उतरवून घेतलंय. आज कॉलेजात विचारलं, एन-लिस्टची वर्गणी खरंच चालू आहे, सरांनी लगेच माझं नाव टाकलं आणि म्हणाले अजून कुणाला हवं असेल तर पाठव. एक शेवटचं, आजी म्हणते कामावर रोज मस्टरवर (हजेरीपटावर) अंगठा घ्यायचे. ते मस्टर कुठल्या लायब्ररीत असतील का?

जुनी_फाइल:
लायब्ररीत नाहीत. सरकारी रेकॉर्डची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते, अ कायमचं ठेवतात, ब तीस वर्षं, बाकीचं लवकर नष्ट होतं, त्यामुळे मस्टरची फार आशा धरू नकोस. तरी तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाईडच्या पत्रासह अर्ज टाक, कामांच्या मंजुरीच्या फायली मिळू शकतात आणि त्यात गावाचं नाव, मजुरांची संख्या असते. पण त्याच्या आधी आजीचं बोलणं रेकॉर्ड कर, या आठवड्यातच कर, तारीख आणि जागा सुरुवातीलाच मोठ्याने बोलून घे.