हिरवळीसाठी मशीन कोणतं घ्यायचं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मागच्या हिरवळीचं गवत पुन्हा घोट्याच्या वर आलंय आणि आपलं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन सलग दुसऱ्या रविवारी सुरू झालं नाही. मी आणि ४०२ दादांनी मिळून चाळीसएक वेळा दोरी ओढली. खांदा अजून दुखतोय. नवीन घ्यायचं असं कमिटीत तोंडी ठरलंय. कोणतं, ते इथे बोलू. टिकाऊ हवं आणि खिशाला झेपणारं हवं, एवढंच.

४०२ दादा: घ्यायचंच तर मोठं घ्या. २१ इंची पातं, पेट्रोल इंजिन, चाकं आपोआप पुढे जाणारं. एकदाच खर्च, पुन्हा बघायला नको.

खजिनदार: "एकदाच खर्च" हे लिफ्टच्या वेळीही ऐकलं होतं 😀

३०४ ताई: आणि आवाजाचं काय? मी रात्रपाळी करून येते आणि सकाळी झोपते. ते मशीन खाली सुरू झालं की उशी कानावर दाबून काही उपयोग होत नाही.

५०१: रोबोट घ्या की. आपला आपण फिरतो.

सेक्रेटरी: आपल्याकडे गवतात रोज दोन चेंडू, एक चप्पल आणि कुणाची तरी बाहुली पडलेली असते. रोबोट नको.

१०१ काका: काल संध्याकाळी टेप घेऊन हिरवळ मोजून आलो. १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद, म्हणजे १८० चौरस मीटर. फुलांचा वाफा, दोन झाडांची आळी आणि बाकाखालची फरशी वजा केली तर कापायचं गवत १५० चौरस मीटरच्या आसपास. आता ३८ सेंटीमीटरचं, म्हणजे १५ इंची पातं घ्या. मधे रेघ राहू नये म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी लागते, तेव्हा खरी रुंदी ३० सेंटीमीटर धरा. १५० भागिले ०.३०, झालं ५०० मीटर चालणं. ताशी ३ किलोमीटर अशा रमतगमत चालीनं १० मिनिटं. वळणं, झाडाभोवतीचं, पिशवी रिकामी करणं धरून १५.

४०२ दादा: आणि २१ इंचीनं?

१०१ काका: त्याच हिशेबानं ७ मिनिटांच्या आत. तीन मिनिटं वाचतील. शिवाय बाक आणि वाफा यांच्यामधली जागा ५५ सेंटीमीटर आहे, तीही मोजली. २१ इंची पात्याच्या मशीनचा पत्रा त्याहून रुंद असतो. तिथलं गवत कात्रीनं कापायला तू बसणार का?

४०२ दादा: 🙏 पण काका, पेट्रोलमध्ये दम असतो. होंडाचं घेऊ, डोळे मिटून.

२०३ वहिनी: होंडानं अमेरिकेतल्या कारखान्यात लॉन मोअर बनवणं २०२३ मध्ये बंद केलं. इंजिन त्यांचं उत्तमच, पण आता घ्यायचं तर सुटे भाग कुठून मिळणार ते आधी विचारून घ्या. हे कुठल्याही कंपनीला लागू आहे म्हणा.

१०१ काका: दमाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या जुन्या मशीनचं शवविच्छेदन सांगतो. मंगळवारी कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला. खालच्या वाटीत पिवळट, चिकट साका. जेटचं, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक नळीचं, छिद्र पूर्ण बंद. सुईनं टोचून बघितलं तर आतून डिंकासारखं काहीतरी निघालं. टाकीत जुनं पेट्रोल तसंच ठेवलं की हे होतं, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं.

१०१ काका: आता खरी गंमत. अशा लहान चार-स्ट्रोक इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण ५ तासांनी बदलायचं, पुढे दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा. आपण वर्षात फार तर ३० वेळा गवत कापणार, दर वेळी १५ मिनिटं. साडेसात तास झाले. ५० तास भरायला सहा वर्षांच्या वर जातील! आपलं इंजिन चालून झिजलेलं नाहीच. ते बसून बसून बिघडलंय. उरलेले ३३५ दिवस त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि पेट्रोल इंजिनाला तेच चालत नाही. मोठ्या मैदानावर, जिथे वायर पोचत नाही आणि रोज काम असतं, तिथे पेट्रोलला तोड नाही. आपल्या अंगणाला ते म्हणजे मुंगी मारायला तोफ.

खजिनदार: हे मला पटलं. म्हणजे जे मशीन वर्षभर दुर्लक्ष सहन करेल ते घ्यायचं.

२०३ वहिनी: मग हाताचं घ्या ना! माझ्या माहेरी होतं, पाच पिळदार पात्यांचा रोलर आणि खाली एक स्थिर पट्टी. ढकललं की कात्रीसारखं कचकच कापत जातं. ना पेट्रोल, ना वायर. ३०४ ताईंची झोपही मोडणार नाही. मूळ शोध तोच आहे. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसानं पेटंट घेतलं. कापडावरची लव कातरायचं गिरणीतलं यंत्र बघून त्याला सुचलं म्हणे. मला ते फार आवडतं, कापडाची हजामत करणारं यंत्र गवताच्या डोक्यावर!

३०४ ताई: 👏 माझं मत याला.

२०३ वहिनी: आणि कापही सगळ्यात सुबक. बाबा दर महिन्याला वर्तमानपत्राची पट्टी त्या पात्यांमध्ये धरून रोलर हातानं फिरवायचे. कागद स्वच्छ कापला गेला तर ठीक, दुमडून अडकला तर दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवून पट्टी जवळ आणायची. आम्ही मुलं कागद धरायला भांडायचो. त्यांची बोटं मात्र एकदा सापडली होती, हेही सांगते.

१०१ काका: वहिनी, यंत्र झकास, मलाही मोह होतोय. पण ते मशीन शिस्तीच्या घरातलं आहे. बाबा आठवड्याला न चुकता कापत असणार.

२०३ वहिनी: हो. दर शनिवारी.

१०१ काका: आपल्याकडे गवत आत्ता १२ सेंटीमीटर आहे. हाताचं मशीन इतक्या उंच गवताला कापत नाही, नुसतं लोळवून पुढे जातं. झाडाची बारीक काटकी मधे आली की रोलर जागीच अडकतो. दर आठवड्याला कापणार अशी कोणी लेखी हमी देत असेल तर मी आजच हाताच्या मशीनला मत देतो.

सेक्रेटरी: (हमी देणाऱ्यांनी हात वर करा)

सेक्रेटरी: एकही नाही. धन्यवाद 😄

४०२ दादा: मग बॅटरीचं! वायर नाही, धूर नाही, आवाज कमी. माझ्या ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी आहे, तसल्या दोन लावून चालणारी मशीनं येतात. बॅटऱ्या माझ्या, मशीन सोसायटीचं. खर्च निम्म्यावर.

खजिनदार: आणि तू फ्लॅट विकून गेलास की?

४०२ दादा: ...

१०१ काका: बॅटरी वाईट नाही, दादा. उलट इतक्या अंगणाला पुरून उरते. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॉट-अवर. मशीननं सरासरी ४०० वॉट खाल्ले तर २० मिनिटं. आपलं काम १५ चं. पण गवत उंच किंवा ओलं असलं की ते जास्त खातं आणि वीस मिनिटांची बारा होतात. ते एक. दुसरं, बॅटरी वापरा किंवा वापरू नका, तिचं वय होतच राहतं. महिनोन्‌महिने ठेवायची तर साधारण अर्धी चार्ज करून, सावलीत. आपल्या स्टोअर रूमचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तिथे चार महिने पडली तर ती पुन्हा उठेलच असं नाही. स्वतःचं घर, स्वतःचं अंगण असतं तर मी बॅटरीचंच घेतलं असतं. सामाईक वस्तूची बॅटरी कोण सांभाळणार?

३०४ ताई: म्हणजे उरलं वायरचं.

१०१ काका: उरलं वायरचं. प्लग लावला की सुरू, काढला की बंद. आत मोटर आणि एक पातं, बिघडायला फारसं काही नाही. सगळ्यात स्वस्तही बहुधा हेच पडतं. त्रास एकच, वायर.

२०३ वहिनी: वायर पात्याखाली आली म्हणजे?

१०१ काका: माझ्या हातून एकदा आली आहे. जुन्या घरी. फट्ट आवाज आला, मशीन बंद, वायरची दोन टोकं गवतात. मला काही झालं नाही कारण बोर्डात ३० मिलीअँपिअरचा लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच तोडणारा खटका होता, त्यानं तिथल्या तिथे वीज तोडली. तेव्हा आपल्या मीटर रूमच्या त्या सॉकेटला तसा ब्रेकर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. नसेल तर आधी तो बसवा. त्याशिवाय मी कोणाला मशीनला हात लावू देणार नाही.

१०१ काका: वायर न कापण्याची युक्ती सोपी आहे. सॉकेटच्या बाजूनं सुरुवात करायची आणि लांब लांब जायचं, म्हणजे वायर कायम कापलेल्या भागावर पडते. वायर खांद्यावरून मागे सोडायची. भडक केशरी घ्या, हिरवी अजिबात नको. मीटर रूमपासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत २६ मीटर भरलं, म्हणून ३० मीटरची, दीड चौरस मिलीमीटर तांब्याची. आणि ती चकरीवर गुंडाळलेली असते ना, ती पूर्ण उलगडायची. गुंडाळलेल्या वायरमधून हजार-दीड हजार वॉट गेले की ती आतल्या आत तापते.

सेक्रेटरी: एक मिनिट. जुन्या मशीनच्या दांड्यावर एक आडवा खटका होता, तो नायलॉनच्या दोरीनं बांधलेला मला दिसला. ते काय होतं?

१०१ काका: तो बघून मला घाम फुटला होता. तो खटका धरून ठेवला तरच पातं फिरतं, सोडला की थांबतं. अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे, हात सुटल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. ३८ सेंटीमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी २०० किलोमीटरच्या वर जात असतं. त्याच्याखाली खडा आला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. ती दोरी कोणी बांधली?

४०२ दादा: मी. हात दुखायचा म्हणून. चुकलं काका.

२०३ वहिनी: कापायच्या आधी मुलांनी गवतातून फिरून खडे आणि खेळणी वेचायची. आणि कापणाऱ्यानं बूट घालायचे, चप्पल नाही. कापताना मुलं आणि कुत्रा आत.

खजिनदार: बरं, दुकानात गेल्यावर बघायचं काय? मला मशीनमधलं काही कळत नाही, मला नुसतं रंग दाखवतील.

१०१ काका: उलटं करून दाखवा म्हणा. पातं पोलादी आणि एका बोल्टवर बसलेलं असावं, साध्या पान्यानं निघणारं. तेच पातं सुटं मिळतं का, आत्ता दुकानात आहे का, ते विचारा. "मागवून देऊ" म्हणाले की समजून जा. उंची बदलायला एकच लिव्हर असेल तर उत्तम. चारही चाकं वेगवेगळी हलवावी लागणार असतील तर आपल्याकडे एक चाक कायम चुकीच्या खाचेत राहील आणि गवताला पायऱ्या पडतील. दांडा घट्ट धरून हलवून बघा, खुळखुळ वाजतो का. वजन उचलून बघा, कारण स्टोअर रूमच्या तीन पायऱ्या तुम्हालाच चढायच्या आहेत. खालचं कवच प्लॅस्टिकचं असलं तरी चालेल. पत्र्याचं मजबूत असतं, पण ओलं गवत आत चिकटून राहिलं की गंजतं, आणि आपण ते खरवडणार नाही हे मी आधीच धरून चाललोय.

खजिनदार: आपोआप चालणारी चाकं?

१०१ काका: सपाट जमिनीवर ५०० मीटर ढकलायला? नको. तेवढा पट्टा, गिअर कमी, तेवढी कटकट कमी.

१०१ काका: [फोटो] हे बघा. आज सकाळी भिंगातून काढलेत. डावीकडे मी घरच्या कात्रीनं कापलेलं हरळीचं पान, टोक सरळ आणि हिरवं. उजवीकडे आपल्या जुन्या मशीननं शेवटचं कापलेलं. टोक फाटून दोऱ्या लोंबताहेत आणि वाळून पांढरी झालीत. लांबून हिरवळ करड्या रंगाची दिसते आणि सगळे म्हणतात पाणी कमी पडतंय. पाणी नाही हो, पात्याला धार नाही. मशीन कुठलंही आणा, धार गेली की हेच होणार.

५०१: बापरे. आणि मी महिनाभर माळ्याला बोल लावतोय.

२०३ वहिनी: धार लावणार कोण?

१०१ काका: मी लावीन. प्लग काढून, पातं सोडवून, कानशीनं. नंतर मधल्या भोकातून भिंतीच्या खिळ्यावर अडकवायचं. एक बाजू खाली झुकली तर ती जड, तिकडे अजून दोन हात मारायचे. तसंच लावलं तर मशीन थरथरत राहतं आणि बेअरिंग खातं.

सेक्रेटरी: मग लिहून घेतो. वायरचं, ३८ सेंटीमीटरच्या आसपास, एक लिव्हर, जोडीला एक सुटं पातं. आधी ब्रेकर. खजिनदार आणि काका शनिवारी जाऊन बघतील. जुनं पेट्रोलचं काय करायचं?

४०२ दादा: काकांनी जेट साफ केलाय ना? मला द्या, मी वापरीन.

३०४ ताई: कुठे वापरणार? 🤨

४०२ दादा: गावी. गावी.

१०१ काका: नेण्याआधी दोरी सोड. आणि सेक्रेटरीसाहेब, नवीन आलं की पहिल्याच दिवशी गवत भुईसपाट करू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आत्ता १२ सेंटीमीटर आहे, पहिल्यांदा सगळ्यात वरच्या खाचेवर, मग चार-पाच दिवसांनी एक खाच खाली, मग अजून एक. पाच सेंटीमीटरवर आलं की थांबायचं. सकाळचं दव वाळल्याशिवाय सुरू करू नका, ओल्या गवताचे गोळे होतात.

सेक्रेटरी: दव वाळेपर्यंत म्हणजे किती वाजता?

३०४ ताई: दुपारी एकनंतर वाळतं. मी बघितलंय.