'मेहल'ला मराठीत काय म्हणाल: इर्जिक की सावड?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा आहे, तिथल्या गावजीवनावरचा मजकूर मराठीत आणतोय. त्यात 'मेहल' हा आयरिश शब्द सारखा येतो. शेजारपाजारची माणसं एकाच्या रानात जमून काम उरकतात, ती मेहल. मी 'इर्जिक' लिहिलं, पण खटकतंय. जाणकारांनी सांगावं.

— दादा, इर्जिक नको. इर्जिकीत लोक आपापल्या बैलजोड्या घेऊन येतात, नांगरट होते, शेतमालक सगळ्यांना जेवू घालतो आणि तिथं विषय संपतो. मेहलमध्ये फेड असते. आज माझ्याकडे तुम्ही, परवा तुमच्याकडे मी. ही सरळसरळ आपली सावड.

फक्त एक सांभाळा. मेहल म्हणजे पद्धत नव्हे, माणसं. जुन्या आयरिशमधल्या 'मेथेल'चा अर्थच कापणीवाल्यांची टोळी. पद्धतीला ते 'कोर ना गोरसन' म्हणतात, शेजाऱ्यांची सावड. म्हणून 'मेहल आली' असेल तिथं 'सावडीची माणसं आली' लिहा.

पीट काढण्याचा प्रसंग असेलच तुमच्या मजकुरात. दलदलीतल्या कुजक्या झाडपाल्याची काळी माती ती, वाळवून चुलीत जाळतात. दलदलीच्या जमिनीत एक जण 'श्लान' नावाच्या अरुंद, बाजूला पातं असलेल्या फावड्यानं ओली काळी वीट कापतो, दुसरा ती हातावर झेलून पसरायला टाकतो. वरून जरा सुकल्या की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. ओणव्यानं करायचं काम, कंबर धरते. एकट्याचं नाहीच ते. आयरिशमध्ये म्हण आहे, माणसं एकमेकांच्या 'स्का'त जगतात. स्का म्हणजे सावली, आणि आसराही. इथं 'सावली' ठेवा, मराठीत दोन्ही अर्थ आपसूक येतात.

— ताई, सावड पटली. पण शहरातल्या वाचकाला 'सावडणं' म्हटलं की आधी अस्थीच आठवतील ना?

— आठवू देत. पहिल्यांदा 'मेहल, म्हणजे सावडीची माणसं' असं लिहा, पुढे नुसतं मेहल चालेल. आणि आयर्लंडच्या खेड्यांत कुणी गेलं की कबर खणायलाही शेजारीच फावडी घेऊन येतात, हेही त्या मजकुरात कुठं आलं असेल तर ते वाक्य गाळू नका.